आमची वाटचाल : हिरवळीच्या खालचं काम

आम्ही सुरुवात केली ती साध्या बागकामापासून. गवत कापायचं, कुंपणाकडेची झाडं छाटायची, पालापाचोळा उचलायचा. मी, धाकटा भाऊ आणि एक जुनं यंत्र, एवढंच भांडवल. आज आम्ही कृत्रिम हिरवळ बसवतो आणि तिच्याखालून पाणी काढून देतो, त्या कामाचा मोठा भाग जमिनीखाली जातो आणि तो ग्राहकाला पुन्हा कधी दिसत नाही. धंद्याला हे वळण शेकोट्यांनी लावलं.

परसात दगडविटांची गोल बांधीव शेकोटी, म्हणजे फायर पिट, करून घ्यायची टूम निघाली आणि आमच्याच जुन्या ग्राहकांची एकसारखी तक्रार सुरू झाली: शेकोटीभोवती गवत धरत नाही, चिखल मात्र हटत नाही. त्यात नवल काहीच नव्हतं. माणसं त्याच कड्यात उभी राहतात, खुर्च्या तिथेच सरकतात, माती दबत जाते. जे गवत तग धरतं त्याला आच लागते. मुळं मेली की माती आणखी घट्ट बसते आणि पाणी जिरायचं थांबतं. शिवाय आडोशाची जागा म्हणून शेकोटी बऱ्याचदा परसाच्या सखल कोपऱ्यात बांधलेली असते, आणि छपराच्या पन्हळीचं पाणीही नेमकं तिकडेच उतरत असतं.

"वरून कृत्रिम हिरवळ टाकून द्या, म्हणजे चिखलाची कटकट मिटेल," असं लोक म्हणायचे. अजूनही म्हणतात. ही हिरवळ जगभर गाजली ती १९६६ साली, अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या बंदिस्त स्टेडियममध्ये, अ‍ॅस्ट्रोडोममध्ये. छताची पारदर्शक तावदानं रंगवल्यावर आतलं खरं गवत मेलं, म्हणून तिथे ती अंथरली. म्हणजे तिचं नाव झालं ते छपराखालच्या मैदानावर, जिथे पावसाचा प्रश्नच नव्हता! उघड्या अंगणात हिरवळ पाण्याला फक्त खाली जाऊ देते. तिच्या पाठीला भोकं असतात, तेवढंच. खाली चिकण माती असेल तर पाणी तिथेच तुंबतं आणि काही दिवसांत वास सुटतो.

ग्राहकाला हे पटवायला आम्ही कागदावर हिशेब मांडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४० चौरस मीटर अंगणावर २५ मिलिमीटर पडला की झाले १००० लिटर. हे जाणार कुठे? या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही हिरवळीचे नमुने पिशवीतून बाहेरसुद्धा काढत नाही. उत्तर शोधायची रीत जुनीच आहे. फूटभर खोल खड्डा घ्यायचा, पाण्याने भरून जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजायचं. अडीच सेंटीमीटरही उतरली नाही, तर मातीच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. मग चर आणि पाइप आलाच.

खरं कौशल्य इथे लागतं. दोरी ताणून, लेव्हल पाइप (उंची जुळवायची पाणी भरलेली नळी) लावून ढाळ काढायचा: घरापासून लांब, मीटरला एक ते दोन सेंटीमीटर. चरात जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), त्यात धुतलेली खडी, खडीत १०० मिलिमीटरचा भोकांचा पाइप. पाइपाचं दुसरं टोक उतारावर मोकळं निघालं पाहिजे किंवा शोषखड्ड्यात. शेजाऱ्याच्या हद्दीत मुळीच नाही. वर दहाएक सेंटीमीटर कोनेदार खडीचा थर, प्लेट कॉम्पॅक्टरने, म्हणजे थर ठोकून दाबणाऱ्या यंत्राने, दाबलेला. खडीवरून आमचे पुरवठादारांशी कायम खटके उडतात. बारीक कच जास्त आली की दाबल्यावर तो थर जवळजवळ फरशीसारखा होतो, पाणी अडवतो. म्हणून गाडी रिकामी व्हायच्या आधी भाऊ मूठभर खडी बादलीत ढवळून बघतो. पाणी फारच गढूळ झालं तर गाडी परत.

शेकोटीची स्वतःची दोन दुखणी वेगळीच. पहिलं राखेचं. दुसऱ्या कुणी बसवलेली एक हिरवळ आम्ही कडेने उचलली, तर खाली करडा, ओला, दाबून बसलेला थर होता आणि पाठीची भोकं त्याने पार बुजली होती. वरून पात्या अगदी नव्यासारख्या! तेव्हापासून शेकोटीच्या खड्ड्याच्या तळाला खडी आणि पाण्याला वाट ठेवतोच, आणि राख ओली व्हायच्या आत काढा, खड्ड्याला झाकण घ्या, असं बजावून येतो. गॅसची शेकोटी असली तरी तळाची वाट हवीच, नाहीतर बर्नर पाण्यात बसतो.

दुसरं दुखणं ठिणग्यांचं. हिरवळीच्या पात्या बहुधा पॉलिइथिलिनच्या असतात, त्या साधारण १२० अंशांना वितळतात. निखारा असतो ६०० अंशांच्या पुढे. जिथे पडला तिथे पात्या गोळा होऊन बोटाला टोचणारी काळी गाठ उरते, ती विंचरून निघत नाही. म्हणून शेकोटीभोवती निदान मीटरभर रुंद फरशीचं किंवा खडीचं कडं, आणि हिरवळ त्याच्यापलीकडे. लाकडाची शेकोटी असेल तर आम्ही हे कडं आणखी वाढवतो. दिसायला हिरवळ थेट कठड्याला टेकलेली छान वाटते, फोटोही तसेच बघून लोक येतात. तसं काम आम्ही घेत नाही. त्यापायी काही गिऱ्हाइकं गेली, जाऊ देत. कड्यात नदीतले गुळगुळीत गोटे घालायलाही आमची ना असते. आत मुरलेलं पाणी तापलं की ते फुटू शकतात.

अशा कामांमुळे आमची माणसं बदलली. माळीकाम कमी झालं, एक जाणते मिस्त्री कायमचे आमच्यात आले, आणि पहिली मोठी खरेदी झाली ती कॉम्पॅक्टरची. चर बुजवण्याआधी प्रत्येक पाइपाचा फोटो काढून ग्राहकाला देण्याची पद्धत मिस्त्रींनी पाडली. पुढे कुणी झाड लावायला खणलं तर पाइप कुठून गेलाय ते कळतं.

आता पाइपाच्या वरच्या टोकाला पाइपाचाच, झाकण असलेला एक उभा तुकडा ठेवतो. गाळ साचला तर झाकण काढून नळी आत सोडायची आणि धुऊन घ्यायचं. हिरवळ उचलावी लागत नाही.