बीच व्हॉलीबॉल गेम: मार्कर आणि चेंडू अखेर एका जागी
मार्कर जुळला! सर्व्हिस सुटल्यावर चेंडू कुठे पडेल ते दाखवायला वाळूवर उमटणारं कडं, म्हणजे मार्कर, आणि चेंडू प्रत्यक्षात टेकतो ती जागा, यांत आता एका सेंटीमीटरचाही फरक उरलेला नाही. ३०, ६०, १४४, कुठल्याही फ्रेमरेटवर चालवा. गेम बनवण्याच्या मागच्या नोंदीपासून सगळं काम इथेच अडलं होतं, त्यामुळे या वेळी बहुतेक जागा त्यालाच.

लक्षण असं होतं: चेंडू कायम मार्करच्या अलीकडे पडायचा. सर्व्हिस जितकी जोरात, तितका फरक मोठा. उंच सेटला (जोडीदारासाठी वर उचललेल्या चेंडूला) मात्र तो जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे अंदाजाला एका ठरावीक आकड्याने गुणून काम भागत नव्हतं. सर्व्हिस जुळवली की पास बिघडायचा.

शोधायला एकच सर्व्हिस पक्की धरली: मागच्या रेषेवरून, २.६ मीटर उंचीवर फटका, वेग १५ मी./से., कोन १२ अंश. हवेचा विरोध नसेल तर चेंडूचा मध्य १.११ सेकंदांनी, १६.३ मीटरवर वाळूच्या पातळीला पोहोचतो. मार्कर तिथेच उमटत होता. चेंडू मात्र जवळपास सव्वा मीटर आधी पडत होता. कोर्ट १६ मीटरचं, म्हणजे ‘बाहेर’ दाखवलेली सर्व्हिस आरामात आत.

हा सव्वा मीटर तीन वेगवेगळ्या कारणांचा निघाला आणि तिन्ही एकाच दिशेला ओढत होती. म्हणूनच एक दुरुस्त केलं तरी काही सुधारल्यासारखं वाटत नव्हतं.

सगळ्यात मोठं कारण डॅम्पिंग, म्हणजे इंजिनने वेग आपोआप घटवत जाणं. गोडो या गेम इंजिनमध्ये प्रोजेक्ट सेटिंगमधला लिनिअर डॅम्प मुळातच ०.१ असतो. चेंडूच्या रिजिड बॉडीवर (इंजिन जिची हालचाल मोजतं त्या वस्तूवर) डॅम्प ० ठेवला तरी मोड ‘कम्बाइन’ असल्यामुळे तो ०.१ त्यात मिळवला जातो. आपल्या सर्व्हिसमधले जवळपास ९० सेंमी यातच जात होते. मोड ‘रिप्लेस’ करा आणि मग ० द्या. फिरकी घटवणाऱ्या अँग्युलर डॅम्पचंही तसंच. टॉपस्पिन हवेतच का मरतो याचं उत्तर तिथे आहे.

दुसरं, चेंडूची त्रिज्या. परीघ ६६ ते ६८ सेंमी, म्हणजे त्रिज्या साधारण १०.६ सेंमी. मध्य ० उंचीवर येण्याची वाट पाहणारा अंदाज चुकतोच, कारण मध्य १०.६ सेंमीवर असतानाच चेंडू वाळूला लागलेला असतो. उताराचा कोन लक्षात घेतला की आडवा फरक २० सेंमी होतो.

तिसरं, टिकचा, म्हणजे इंजिनच्या एकेका पायरीचा, हिशेब. इंजिन आधी वेग बदलतं आणि मग त्या नव्या वेगाने जागा. सेकंदाला ६० टिक असताना १.११ सेकंदांत चेंडू खऱ्या पॅराबोलापेक्षा ९ सेंमी खाली जातो, आणि आडवं अंतर १७ सेंमीने कमी भरतं. १२० टिक केले की हे निम्मं होतं, जात नाही. कोर्टाची पट्टी ५ सेंमी रुंद आणि ती कोर्टातच धरली जाते. तिथे १७ सेंमी म्हणजे सरळ चुकीचा पॉइंट.

उपाय म्हणून हवेतला चेंडू इंजिनकडून पूर्ण काढून घेतला. आता ‘पुढची स्थिती द्या’ असं एकच फंक्शन आहे, पायरी १/२४० सेकंदाची, आणि जागेच्या हिशेबात प्रवेगाचं अर्धं पद धरलेलं. खरा चेंडूही तेच बोलावतो आणि मार्करही. २४० ला ३०, ४०, ६०, १२० या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. १४४ ला जात नाही, तिथे उरलेला वेळ पुढच्या फ्रेमला न्यायचा आणि चित्र दोन स्थितींच्या मध्ये इंटरपोलेट करायचं. खेळाडू आणि वाळूचे कण जोल्ट या फिजिक्स इंजिनकडेच ठेवले आहेत. त्या कामाला जोल्ट उत्तम आहे, गोडो ४.४ पासून सोबतच येतो, आणि खेळाडू एकमेकांत अडकायचे ते प्रकार जवळपास थांबले.

नेटचा प्रश्नही यातच सुटला. २५ मी./से.चा स्पाइक (नेटवरून खाली मारलेला जोरदार फटका) ६० टिकला एका टिकमध्ये ४२ सेंमी जातो, म्हणजे चेंडूच्या व्यासाच्या दुप्पट, आणि नेटमधून आरपार. आता पायरीला १०.४ सेंमी पडतात आणि शिवाय आधीची व नंतरची स्थिती नेटच्या कोणत्या बाजूला आहे ते तपासलं जातं. ओलांडण्याची उंची आणि अँटेनापासूनचं (नेटच्या कडेच्या उभ्या काठीपासूनचं) अंतर त्याच बिंदूवर मिळतं. अँटेनाच्या बाहेरून गेलेला चेंडू आता बिनचूक फॉल्ट होतो.

स्वतःचं फंक्शन झालं म्हटल्यावर हवेचा खरा विरोध घालणं ओघानेच आलं. २७० ग्रॅमचा चेंडू, Cd (हवेच्या विरोधाचा गुणांक) १२ मी./से.च्या खाली ०.४५, १८च्या वर ०.२, मध्ये गुळगुळीत उतार. २० मी./से.ला ब्रेक ६.३ मी./से.² लागतो, गुरुत्वाच्या दोन-तृतीयांश. मजा पुढे आहे: वेग १२ वर आला तरी ब्रेक ५.१ च असतो, कारण वेग कमी होताना Cd वाढत जातो. Cd ०.२ वरच ठेवला असता तर २.३ उरला असता. सर्व्हिस नेट ओलांडल्यावर एकदम बसते, ती यामुळेच. हे पडद्यावर पहिल्यांदा दिसलं तेव्हा हा खरा व्हॉलीबॉल वाटला. किंमत एवढीच की सर्व्हिसचे सगळे आकडे नव्याने लावावे लागतात. वरची १५ची सर्व्हिस आता जेमतेम नेट ओलांडते आणि तीन मीटरहून जास्त आधी पडते.

फ्लोटसाठी, म्हणजे जवळपास न फिरता हवेत डुलणाऱ्या सर्व्हिससाठी, दर टिकला रँडम धक्का देणं बंद. त्याने मार्कर थरथरतो आणि रीप्ले जुळत नाही. आता फटक्याच्या क्षणी एक सीड (रँडम आकड्यांचं बीज) ठरतं आणि त्यावरून १.५ हर्ट्झचं, जास्तीत जास्त ३ मी./से.² चं बाजूचं बल निघतं, तेही स्पिन सेकंदाला एका फेऱ्यापेक्षा कमी असेल तरच. फेज जुळली तर चेंडू ३०-३५ सेंमी सरकतो. साइन टेबलमधून घ्या. प्रत्येक मशीनवरच्या गणिताच्या लायब्ररीचा शेवटचा अंक सारखा येईलच असं नाही.

एआयलाही तेच फंक्शन दिलं, पण फ्लोटचं बल बंद करून, आणि नवा अंदाज दर ०.१५ सेकंदाला. परिणाम बघण्यासारखा आहे. डिफेंडर बरोबर जागेवर येतो, हात जोडून खाली बसतो, शेवटच्या क्षणी चेंडू आतल्या खांद्याकडे सरकतो, हात उशिरा वळतात आणि पास थेट नेटपलीकडे. यासाठी वेगळी ‘चूक होण्याची शक्यता’ लिहावी लागली नाही. जुनं टक्केवारीचं टेबल काढून टाकलं.

हे पाहिल्यावर प्रश्न पडतो: माणसाला तरी बिनचूक मार्कर का दाखवायचा? इतक्या खटपटीने जुळवलेलं कडं खेळात जसंच्या तसं ठेवायचं नाही, असं आता ठरतंय. बिनचूक कडं ट्रेनिंग मोडमध्ये राहील. सामन्यात फ्लोट न धरलेला अंदाज, सुरुवातीला ४० सेंमी त्रिज्येचा आणि चेंडू जवळ येईल तसा आवळत जाणारा.

नियमांमध्ये दोन गोष्टी झाल्या. ब्लॉकचा स्पर्श आता तीनपैकी पहिला मोजला जातो आणि ब्लॉकर लगेच दुसरा स्पर्शही करू शकतो. उघड्या बोटांची टिप (नेटपलीकडे हलकेच ढकललेला चेंडू) काढून बोटांच्या सांध्यांनी मारायची टिप घातली. ॲनिमेशनचा मात्र वैताग आहे. विकत घेतलेला मोशन कॅप्चर संच इनडोअरचा निघाला: टाच रोवून थांबणं, लांब शेवटचं पाऊल, शिवाय रूट मोशन (ॲनिमेशनमध्येच नोंदलेलं पात्राचं पुढे सरकणं) नाही. वाळूत पाय रुततो, शेवटची दोन पावलं आखूड पडतात आणि उडी जास्त सरळ वर जाते. विक्रेत्याच्या नमुना व्हिडिओत फक्त कमरेच्या वरचा भाग असेल तर घेऊ नका. अप्रोच (उडीआधीची धाव) ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हाताने पुन्हा करायला घेतलाय.

पुढचा टप्पा ऑनलाइनचा होता, पण आता वारा आधी. फंक्शनमध्ये विरोध काढताना चेंडूच्या वेगातून वाऱ्याचा वेग वजा केला की झालं, एक ओळ. आणि दर ७ पॉइंटांनी, तिसऱ्या सेटमध्ये दर ५ पॉइंटांनी, बाजू बदलण्याचा जो नियम सध्या सगळे बटण दाबून पुढे ढकलतात, त्याला खेळात अर्थ येईल: समोरून ४ मी./से.चा वारा असताना जी सर्व्हिस आत पडते, तीच बाजू बदलल्यावर बाहेर. पुढच्या बिल्डमध्ये वारा स्थिर असेल, झोत नाहीत. दिशा नेटच्या खांबावरच्या झेंड्याने दाखवायची, पडद्यावर बाण नको.