गोंधळ्याचं तुणतुणं

तुळजापूरची भवानी असो की माहूरची रेणुका, गोंधळ रात्रभर चालतो आणि गाणाऱ्याचा आधार असतो साथीदाराच्या हातातलं तुणतुणं. तार एकच, पण ती उतरली की गाणाऱ्याचा षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’च हलतो. लाकडी नळकांड्याला खालून चामडं मढवलेलं; त्याच्या मधोमध छिद्रातून तार वर दांडीच्या खुंटीला जाते. चामड्याखाली तारेच्या गाठीला चकती हवीच, नाहीतर ताणानं छिद्र फाटतं. पावसाळी हवेत चामडं सैल पडतं, स्वर उतरतो. तेव्हा नुसती खुंटी पिळत बसू नये, तार तुटते. आधी चामडं लांबून शेकावं, मग खुंटी.

देवदेवतांना गोंधळाला बोलावण्याचं सुरुवातीचं आवाहन गाणाऱ्यानं मधल्या पट्टीतच घ्यावं. पुढे अख्खं आख्यान असतं आणि पहाटेच्या आरतीलाही गळा लागतो.