धरण दारात, मग तुमची शेती कोरडी कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो. गडचिरोलीतलं सिरोंचा म्हटलं की समोरचा हमखास हेच विचारतो. प्राणहिता तुमची, गोदावरी तुमची, मेडीगड्डा बॅरेजचं, म्हणजे नदीवरच्या दरवाजांच्या धरणाचं, एक टोक तुमच्याच तालुक्यात पोचमपल्लीला टेकलेलं, मग पाण्याची ओरड कसली? आणि ओरड आहे तर दर पावसाळ्यात शेती बुडते कशी?

आधी कोरडेपणाचं सांगतो. 23 ऑगस्ट 2016 ला महाराष्ट्र आणि तेलंगणाचा करार झाला आणि मेडीगड्ड्याची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून 100 मीटर ठरली. 85 दरवाजे, 16.17 टीएमसी (अब्ज घनफूट) साठा. पण उपसा ठरला पलीकडच्या, तेलंगणाच्या काठावरून, कन्नेपल्लीहून. तिथून प्राणहितेचं पाणी गोदावरीच्या उलट दिशेला अन्नाराम, सुंदिल्ला, येल्लमपल्ली या वरच्या धरणांपर्यंत चढवायचं. आमच्या वाट्याला आला तो फुगवटा, म्हणजे बॅरेजमागे अडून काठाशी साचलेलं पाणी. या काठाच्या शेतकऱ्याला त्यातलं पाणी हवं तर मोटार त्याची, पाइप त्याचा, वीजबिलही त्याचं.

आता बुडण्याचं. आरडा, जानमपल्लीकडची बांधी (धानाचं शेत) नदीच्या धारेने बुडण्याआधी नाल्याने बुडते. नदी वर आली की नाल्याचं तोंड बंद होतं, वरून आलेलं पावसाचं पाणी मागे सरतं आणि धुरे (शेताचे बांध) ओलांडून शिरतं. रोवलेलं धान पाण्याखाली चारपाच दिवस काढतं, तेही पाणी नितळ असेल तर. गढूळ पाण्याचा गाळ पानावर बसला की ते सडलंच. कापूस तेवढेही दिवस टिकत नाही. पाणी उतरल्यावर चार बोटं गाळ राहिला तर नांगरून मातीत जातो, पुढच्या पिकाला तो चांगलाच. वीतभर वाळू बसली तर मात्र जेसीबी लावून धुऱ्याबाहेर काढावी लागते, आणि तिच्यासोबत वरची कसदार मातीही जाते.

म्हणजे सगळा पूर बॅरेजमुळे येतो का? नाही. आमच्यातही काही जण तसं बोलतात, ते मला पटत नाही. ऑगस्ट 1986 मध्ये बॅरेज नव्हतं, तरी खाली भद्राचलमला गोदावरी 75.6 फुटांवर गेली होती. जुलै 2022 च्या महापुरात ती 71.3 वर थांबली. दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या तर संगमावरच्या गावाला पाणी चुकत नाही. माझी तक्रार मोठ्या पुराबद्दल नाही, मधल्या पुरांबद्दल आहे. नदी आधीच काठोकाठ धरून ठेवली असेल तर नाल्याचं पाणी जायचं कुठे? दरवाजे चार तास आधी उघडले की चार तास उशिरा, यावर बांधीतलं पाणी दोन दिवसांत उतरणार की सहा, हे ठरतं.

करार झाला तेव्हा 'आता बारमाही पाणी काठाशी राहील, मिरची पिकवू' असं म्हणणाऱ्यांत मीही होतो. ते अगदीच चुकीचं नव्हतं. पाणी राहिलं, मोटारी लागल्या, मिरची झाली.

मग 21 ऑक्टोबर 2023 ची संध्याकाळ. मोठा आवाज झाला आणि बॅरेजच्या सातव्या ब्लॉकचे खांब खचले. वरच्या पुलाची सरळ रेघ मधेच खाली दबली. हे बॅरेज खडकावर नाही, वाळूवर आहे. खाली काँक्रीटचा राफ्ट, म्हणजे जाड सपाट पाया, आणि वाळूतून पाणी झिरपू नये म्हणून जमिनीत उतरवलेली आडभिंत. तिच्यातून वा खालून वाट मिळाली की पाणी वाळूचा कण कण घेऊन जातं, राफ्टखाली पोकळी होते आणि वरचं सगळं बसतं. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या अहवालाने नियोजन, आराखडा, गुणवत्ता नियंत्रण आणि देखभाल या चारही बाबतींत उणिवा सांगितल्या. साठा सोडून द्यावा लागला, तो सोडणं बरोबरच होतं.

पण मिरचीची रोपं नुकतीच लागली होती. नदी काठ सोडून आत गेली. लोक म्हणतात, पाइप वाढवायचा. तो नुसता वाढवून भागत नाही. काठावरचा पंप साताठ मीटरपेक्षा खोलचं पाणी ओढूच शकत नाही, पाइप कितीही लांब लावा. पंपच खाली पात्रात न्यावा लागतो. मग केबल लांबते. त्याच जाडीची केबल दुप्पट लांब केली की व्होल्टेज पडतं, मोटार तापते आणि वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळतं. जाड केबल घ्यायची तर तेवढे पैसे मिरची विकल्याशिवाय येत नाहीत. फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) वाळूत रुतला की इम्पेलर, म्हणजे पंपातला पंखा, घासतो, म्हणून फूटव्हॉल्व्ह टोपलीत बसवून दगडावर ठेवायचा आणि दोनतीन दिवसांनी हलवायचा. एवढं करून रात्री वरून पाणी आलं तर पात्रातली मोटार वाहून जाते.

म्हणून 'बॅरेज हवं की नको' असं विचारलंत तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. भरलं की नाले तुंबतात, रिकामं झालं की मिरची वाळते. दुरुस्तीनंतर पातळी पुन्हा 100 मीटरला धरणार का, आणि धरली तर दरवाजे उघडण्याआधी आमच्या काठाला किती तास आधी कळवणार, हे कुणी लेखी दिलं तर मोटारीचा चौथरा किती उंचीवर बांधायचा हे तरी ठरवता येईल.