छाती बसली आणि ब्लाउज बिघडला

न्यू जर्सीहून एका बाईंचा फोटो आला. आम्ही फाइलने पाठवलेला कटिंगचा आराखडा, म्हणजे ड्राफ्ट, घरी छापून त्यांनी साध्या सुती कापडावर शिवलेला चाचणीचा ब्लाउज त्यात होता. छाती अगदी नेमकी बसलेली. बाकी सगळं गंडलेलं: खांदा मानेकडे ओढलेला, मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) काखेत रुतणारा, लांबी सव्वादोन सेंटिमीटर कमी, बाही दीड सेंटिमीटर आखूड. खाली मजकूर, "ताई, लांबी वाढवून द्या. छातीला मात्र हात लावू नका, ती परफेक्ट आहे."

लांबी वाढवणं दोन मिनिटांचं काम. पण एकाच ब्लाउजमध्ये खांदा, मुंढा, लांबी आणि बाही, सगळंच एकदम कमी पडतं तेव्हा एकेक जागा दुरुस्त करत बसायचं नसतं. बाईंना टेप लावून मोजायला सांगितलं. लांबी 38 ची 35.7 झालेली, खांदा 36 चा 33.8, बाही 25 ची 23.5. तिन्हीकडे भागाकार एकच येतो, 0.94. हा आकडा ड्राफ्टिंगच्या चुकीचा नाही, छपाईचा आहे.

फाइल ए-फोरच्या पानांची होती. ए-फोर 210 बाय 297 मिलिमीटर. अमेरिकेत घराघरांतल्या प्रिंटरमध्ये असतो तो लेटर कागद, 216 बाय 279. रुंदीला मोठा, उंचीला लहान. प्रिंट करताना 'फिट' निवडलेलं असलं की 297 ची उंची 279 मध्ये बसवायला सगळं पान 94 टक्क्यांवर आणलं जातं, गुपचूप. पानावरचा 10 सेंटिमीटरचा चाचणी चौकोन मोजायला सांगितला. "साडेनऊला जरासा कमी," असं उत्तर आलं.

म्हणजे छपाई पकडली. पण मग छाती का बरोबर आली? तीही सहा टक्के कमी यायला हवी होती. खरा घोळ इथे होता, आणि छाती बसली म्हणून प्रिंट बरोबरच असणार असं धरून चाललो असतो तर तो कधीच सापडला नसता.

ड्राफ्ट सीमली-टू-डी या कपड्यांचे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला. त्यात माप वेगळ्या फाइलमध्ये राहतं आणि सैलपणा व्हेरिएबलच्या तक्त्यात स्वतंत्र. सैलपणा 6 टक्के, म्हणून पाव छातीचं सूत्र: छाती × 1.06 ÷ 4. बाईंनी छाती 96 पाठवली होती. विचारलं, टेप कुठून कुठे धरला? त्या म्हणाल्या, "चांगल्या बसणाऱ्या जुन्या ब्लाउजवर." आपल्याकडे शिंप्याकडे जुना ब्लाउज नेऊन देण्याची सवय आहेच, त्यात गैर काही नाही. पण ते तयार माप, त्यात सैलपणा आधीच मिसळलेला. अंगावर टेप लावल्यावर छाती भरली 90.

आता हिशेब बघा. बरोबर पाव छाती 90 × 1.06 ÷ 4, म्हणजे 23.85. चुकीच्या मापाने आली 25.44. ती 94 टक्क्यांवर छापली की 23.91. पाऊण मिलिमीटरसुद्धा फरक नाही! दोन चुकांनी एकमेकींना पोटात घेतलं होतं. लांबीवर सैलपणा लागत नाही, म्हणून तिथे छपाईची चूक उघडी पडली. नुसतं प्रिंट सुधारून 100 टक्क्यांवर काढलं असतं तर लांबी बसली असती आणि छातीला अडीच इंचांचा झोल आला असता. मग बाई म्हणाल्या असत्या, आधीचंच बरं होतं.

माप नव्याने घेतलं, सेंटिमीटरमध्येच. (इंचात मागवलं की "37.1/2" असं येतं आणि ते 37.1 की 37.5 यात वेळ जातो.) टेप काखेखालून जमिनीला समांतर, आत बोट न घालता, कारण बोटाची जागा सैलपणाच्या आकड्यात धरलेली असते. छातीबिंदू खांद्यापासून वेगळा मोजला. टक्सचं (छातीला आकार देणाऱ्या चुणीचं) टोक त्यावरून ठरतं आणि जुन्या ब्लाउजवरून ते नीट कळत नाही.

त्याच फेरीत माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जादा कापड, दुरुस्त केली. सगळीकडे सरसकट 1 सेंटिमीटर होती, ती ब्लाउजला चालत नाही. बाजूच्या शिवणीत पुढे उसवून वाढवायला जागा हवी, तिथे 4 सेंटिमीटर. खांद्याला दीड, मुंढ्याला एक, गळ्याला पट्टी लागणार म्हणून जेमतेम 6 मिलिमीटर, खालच्या दुमडीला अडीच. सीमलीत प्रत्येक बिंदूच्या आधीची आणि नंतरची माया वेगळी देता येते. मात्र रुंद माया अरुंद मायेला मिळते त्या कोपऱ्याकडे लक्ष हवं. काखेखालच्या बिंदूला कोपऱ्याचा प्रकार तसाच ठेवला तर तिथे लांब शिंग निघतं. शिवणीच्या रेषेवर आरशासारखा दुमडणारा प्रकार निवडला की माया आत वळवल्यावर मुंढ्याच्या काठाशी जुळते, बाहेर डोकावत नाही.

पानं लेटर मापाची केली, चारही बाजूंना 12 मिलिमीटर मोकळे ठेवून, म्हणजे प्रिंटरला आक्रसायला निमित्तच उरत नाही. जोडणीबद्दल एक सांगावं लागलं: तुकडा पाव छातीचा असतो, जोडावर 1 मिलिमीटरची फट राहिली की घेरात 4 मिलिमीटर वाढतात. कडा कापून, खुणेवर खूण ठेवून चिकटवायचं, अंदाजाने नाही.

दुसरा चाचणी ब्लाउज आला तो छाती साडेपंच्याण्णव, लांबी 38, बाही 25. मागचा गळा थोडा उचलत होता, तो खांद्याच्या टोकाशी 5 मिलिमीटर दाबून बसला.

माप मागवायच्या तक्त्यात आता प्रत्येक आकड्यापुढे 'अंगावरचं की तयार' असा रकाना आहे. तयार असेल तर सैलपणा शून्य ठेवून ड्राफ्ट निघतो. आणि पहिल्यांदा जातं ते एकच पान, फक्त चौकोनाचं. एक इंचाचा नाही, त्यात सहा टक्के म्हणजे दीड मिलिमीटर, कोणाच्या नजरेत भरणार? 10 सेंटिमीटरचा चौकोन, उभा आणि आडवा दोन्हीकडे टेप लावून काढलेला फोटो आला की मग उरलेली पानं.