बोयाने सांगितलं नाही, ते वहीत होतं

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला केरी काउंटी आहे. तिथल्या ट्रली या मुख्य गावात मी विद्यापीठात डेटा सायन्स शिकवतो. ट्रली आणि कॉर्क इथल्या दोन तंत्रशिक्षण संस्था १ जानेवारी २०२१ रोजी एकत्र आल्या आणि मन्स्टर टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी झाली. केरीला निसर्गाने हात सैल सोडून दिलं आहे, पण नोकऱ्यांच्या बाबतीत चित्र वेगळं. पोरं शिकली की डब्लिन गाठतात, नाही तर थेट ऑस्ट्रेलिया. किलॉर्गलिनसारख्या छोट्या गावात १९८१ साली सुरू झालेली फेक्सको कंपनी जगभर व्यवहार करते. तिने, आमच्या विद्यापीठाने आणि काउंटी कौन्सिलने मिळून तिथे नवउद्योगांसाठी एक केंद्रही उभं केलं. तरी अशी उदाहरणं बोटावर मोजण्याइतकीच. म्हणून प्रकल्पाचा विषय निवडताना मी विद्यार्थ्यांकडे एकच हट्ट धरतो: प्रश्न तुमच्या गावातला आणा.

माझ्या एका विद्यार्थिनीने तो आणला. तिच्या आईचं केरीच्या किनाऱ्यावरच्या पोर्टमागी गावाजवळ पाहुण्यांसाठी चार खोल्यांचं घर आहे. तिचा प्रश्न होता, उद्या स्केलिगची होडी सुटेल का?

स्केलिग मायकेल म्हणजे किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर अटलांटिकमधून सुळक्यासारखा वर आलेला खडक. हजाराहून अधिक वर्षांपूर्वी ख्रिस्ती साधूंनी त्याच्या माथ्याजवळ नुसते दगड रचून गोल झोपड्या बांधल्या. त्या अजून उभ्या आहेत. १९९६ पासून तो जागतिक वारसा आहे. एका गाजलेल्या हॉलिवूडपटाचं चित्रीकरण तिथे झाल्यापासून तर मागणी हाताबाहेर गेली. पण परवाना असलेल्या होड्या पंधरा, प्रत्येकीत बारा माणसं, म्हणजे दिवसाला १८० जणच उतरू शकतात, तेही मेच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. त्यातले कितीतरी दिवस समुद्रच खातो. होडी रद्द झाली की पर्यटक गाडी वळवून दुसऱ्या गावी निघून जातात आणि इथली खोली, जेवण, दुकान सगळंच बुडतं. आदल्या संध्याकाळी खात्रीने सांगता आलं तर त्याच पाहुण्याला इथेच थांबवून दुसरं काही दाखवता येईल, असा तिचा साधा हिशेब होता.

मिझेन हेड या आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाच्याही नैर्ऋत्येला खोल समुद्रात एम-३ नावाचा बोया, म्हणजे लाटा मोजणारं नांगरलेलं यंत्र, तरंगत असतं. त्याची मोजमापं आयर्लंडची मरीन इन्स्टिट्यूट सगळ्यांसाठी खुली ठेवते. लाटेची उंची एका मर्यादेच्या खाली असेल तर हिरवा दिवा, वर गेली तर लाल, असा तिने मोबाइलवर आराखडा केला होता. तो तपासायला मी जूनमध्ये काही विद्यार्थ्यांना घेऊन पोर्टमागीच्या धक्क्यावर गेलो.

ऊन लख्ख पडलं होतं. पाणी इतकं स्वच्छ, की धक्क्याखालचं शेवाळ दिसत होतं. दिवा हिरवा. आणि सगळ्या होड्या बांधलेल्याच.

धक्क्यावर पर्यटकांची कुरबुर चालली होती. समुद्र तर झोपलाय, मग होडी का नाही? मुलगी थेट एका म्हाताऱ्या होडीवाल्याकडे गेली. कोकणात तांडेल म्हणून ज्याचा शब्द शेवटचा मानतात, तसा तो इथला माणूस. तिने स्क्रीन पुढे केली.

"उंची कमी आहे, मग तुम्ही का नाही निघालात?"

"उंची कमीच आहे, पोरी. दोन लाटांमध्ये किती सेकंद आहेत ते सांग."

तिने आकडा काढला. चौदा.

"मग झालं की! कुठेतरी लांब वादळ झालंय, त्याची लाट आहे ही. मोकळ्या समुद्रात तुला कळणारही नाही. पण खडकाच्या पायऱ्यांपाशी तीच पाणी माणूसभर वर चढवते आणि तेवढंच खाली ओढते. त्या पायऱ्यांवर मी बारा माणसं कशी उतरवू?"

हंगामात स्केलिगवर सरकारी मार्गदर्शक मुक्कामाला असतात. त्याने तिच्यासमोरच एकाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. उत्तर आलं: पायऱ्या आत्ता दिसताहेत, आत्ता नाहीत.

लाटेची ताकद उंचीच्या वर्गाबरोबर वाढते हे ती शिकली होतीच. ती दोन लाटांमधल्या वेळाबरोबरही वाढते हे पुस्तकात होतं, पण तिने आकड्यांत घेतलं नव्हतं. बोया दोन्ही मोजत होता.

दुपारी आम्ही पूल ओलांडून व्हॅलेन्शिया बेटावर गेलो. या बेटापासून १८५८ साली अमेरिकेकडे समुद्राखालून निरोप पाठवणारी पहिली तार गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा निरोप पोचायला सुमारे सोळा तास लागले, आणि तीनेक आठवड्यांत तार मेली. व्हाइटहाउस नावाच्या अधिकाऱ्याने क्षीण संदेश वाढवायला भरमसाट व्होल्टेज लावून तिचं आवरण जाळलं. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसनचा मार्ग उलटा होता. आरशावरून पडणारा प्रकाशाचा ठिपका किती हलतो यावरून अगदी बारीक प्रवाह वाचायचा. १८६६ साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने टिकाऊ तार टाकली. याच जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन तार टाकली, हे मी मुलांना मुद्दाम सांगितलं. व्हॅलेन्शियाचं केंद्र १९६६ साली बंद झालं. शंभर वर्षं दोन खंडांचे निरोप या बेटावरून गेले, पण जग दुसऱ्या तंत्राकडे वळलं तेव्हा बेटाच्या हाती इमारती आणि आठवणी उरल्या. मला वाटतं, आजही फायबर आणि ऑफिसांचं उद्घाटन करताना आपण हेच विसरतो. यंत्र येतं आणि जातं. ते वाचणारी माणसं गावात घडली नाहीत, तर गावाला त्याचं फार काही उरत नाही.

परत आलो तेव्हा होडीवाला धक्क्यावर उभा होता, हातात पिशवी. आत वह्या होत्या. हंगामातला एकेक दिवस, पेन्सिलीने: वारा कुठला, लाट कशी, आणि शेवटी 'उतरलो' किंवा 'फिरलो'. काही पानांवर पाण्याचे डाग. माझ्या अंगावर काटा आला. बोयाकडे लाटांचा सगळा इतिहास आहे, पण त्या दिवशी पायऱ्यांवर पाय टेकवता आला का, हे जगातल्या कुठल्याही सर्व्हरवर नव्हतं. होडी सुटेल का याचा अंदाज बांधणाऱ्या तिच्या मॉडेलला नेमकं हेच शिकवायचं होतं.

त्याने दोन अटी घातल्या. वह्या गावाबाहेर जाणार नाहीत, आणि जे तयार होईल त्याची एक प्रत गावातल्या प्राथमिक शाळेला द्यायची. "पोरांना कळू दे, आपला समुद्र कोण मोजतं ते."

तिने मान डोलावली. आम्ही बसने ट्रलीला निघालो, ती आईकडेच राहिली. रात्री तिचा मेसेज आला: म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून पहिल्या वहीची निम्मी पानं टिपून झाली आहेत, पण त्याच्या अक्षरातला 'नैर्ऋत्य' आणि 'वायव्य' ओळखायला तोच जवळ बसलेला लागतो, तर प्रकल्पाला दोन आठवडे वाढवून मिळतील का? मी लगेच हो म्हणालो.