कॉम्प्युटरवाले सर आणि ९ नंबर

स्मरणिकेसाठी लिही असा शाळेतून फोन आला तेव्हा डोक्यात एकच माणूस आला, आपले कॉम्प्युटरवाले सर. नाव लिहायची गरजच नाही, टाकीमागच्या लॅबमधे जो एक तास बसला त्याला सर माहीत आहेत. कापूस वेचणीत अर्धा वर्ग वावरात, लाइन कधी जाईल भरोसा नाही, तरी सर शनिवारी शाळा सुटल्यावर थांबायचे आणि पुस्तकात कुठेच नसलेलं लिनक्स (विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम) शिकवायचे.

एकदा बाजूच्या पोराचा प्रोग्राम अटकला, त्यानं सरळ मागच्या वायरीलाच हात घातला. सर वरडले, "वायर काहून ओढून राह्यला बे? पहिले त्याले सांगून त पाह्य, आयकलं नाही त मंग पाहू." मग पीएस करून, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी मागवून, त्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) नंबर काढला आणि किल, म्हणजे बंद हो सांगणारी कमांड, दिली. नुसतं किल म्हणजे १५ नंबरचा सिग्नल, सिगटर्म, तो प्रोग्रामला पकडता येतो, मग तो हातातलं लिहून घेतो, टेम्पररी फाइली पुसतो आणि स्वतःहून एक्झिट होतो. तो ऐकलाच नाही तेव्हा ९ नंबर, सिगकिल. हा पकडता येत नाही, टाळताही येत नाही, कर्नलच (लिनक्सचा गाभा) प्रोसेस संपवतं, मेमरी आणि उघड्या फाइली परत घेतं, पण प्रोग्रामच्या हातातलं लिहायचं राहिलेलं गेलं ते गेलंच.

तरी यादीत एक नाव उरलं, पुढे डिफंक्ट. सर म्हणाले हा झॉम्बी, पोरगा शाळा सोडून गेला पण बाप दाखला न्यायला आला नाही म्हणून हजेरीपटात नाव तसंच. पेरेंट प्रोसेसनं, म्हणजे जिनं ही सुरू केली तिनं, वेट करून एक्झिट कोड (सगळं नीट असेल तर ०) घेतला की नाव निघतं, तोवर ९ नंबर मारूनही उपयोग नाही, मेलेल्याला काय मारणार. आणि पेरेंटच आधी गेला तर अनाथ पोरांना १ नंबरची प्रोसेस, म्हणजे सगळ्यात आधी सुरू होणारी इनिट, सांभाळते. हे सरांनी ज्या मायेनं सांगितलं ते मला नंतर इंजिनिअरिंगच्या कोणत्याच लेक्चरात भेटलं नाही.

आज मी पुण्यात सर्व्हर सांभाळतो, हाताखाली टीम आहे. मागे एका कंटेनरमधे (सर्व्हरवर प्रोग्राम वेगळा चालवायचा बंद डबाच म्हणा) झॉम्बी साचत गेले, शेवटी नवीन प्रोसेसच सुरू होईना. सगळे मेमरी तपासत बसले, मी म्हटलं आधी कंटेनरची १ नंबरची प्रोसेस बघा, आणि खरंच तीच प्रोसेस पोरांची खबर घेत नव्हती. कंटेनर बंद करायची कमांड, डॉकर स्टॉप, तोसुद्धा आधी १५ देतो, १० सेकंद थांबतो, मगच ९, म्हणजे सर सांगायचे तसंच. नवीन पोरं आली की आधी हेच शिकवतो, डायरेक्ट ९ मारलेलं मला चालत नाही.

मागच्या दिवाळीत आलो तर लॅबला कुलूप, मशीन भंगारात गेल्या म्हणे, लय वाईट वाटलं. पोरांच्या हातात मोबाइल आले पण मोबाइलमधे पीएस करून कोण दाखवणार त्यांना? संस्थेनं खोली उघडून दिली तर मशीन मी पाठवतो, लिनक्स टाकूनच पाठवतो, आणि सर रिटायर झाले असले तरी गावातच आहेत, शनिवारी एक तास यायला ते नाही म्हणणार नाहीत.