शर्ट नंबर ७: खांदा एकदाचा बसला

स्वतःचे शर्ट स्वतः शिवायच्या माझ्या खटाटोपाचं मागचं अपडेट फेब्रुवारीत टाकलं होतं, तेव्हा चौथा शर्ट सुरू होता आणि कॉलरची दोन टोकं दोन दिशांना पाहून राहिली होती. आता मे निम्मा झाला. आतापर्यंत सात शिवले, त्यातले घराबाहेर घालण्यासारखे तीन. उरलेल्यातला एक शर्ट आई लादी पुसायला वापरते आणि तो तिथे अगदी छान काम करतो.

या वेळचं खरं अपडेट म्हणजे खांदा. मला आयुष्यभर वाटायचं की रेडीमेड शर्ट मला शोभतच नाहीत. उजव्या बाजूला मानेपासून बगलेपर्यंत एक तिरकी चुणी पडायची आणि कॉलर डावीकडे सरकायची. मी समजायचो की स्वस्तातला घेतला म्हणून, मग महागातला घेतला तरी तेच, मग म्हटलं आपण जरा जाड आहो म्हणून असेल, मग जिम लावली, सोडली, चुणी तिथेच. मार्चमध्ये भावाला म्हटलं खिडकीसमोर पाठमोरा उभा राहतो, फोटो काढ. खिडकीला आडवे गज आहेत ना, त्याच गजांवर खांदे मोजले. डावा खांदा गजाला टेकलेला आणि उजवा चक्क खाली. टेपने पाहिलं तर तीन सूत. (नवीन लोकांसाठी: एका इंचात आठ सूत.) पंधरा वर्षं लॅपटॉपची बॅग एकाच खांद्यावर, अजून काय होणार. नागपुरात महाल भागात एक टेलरकाका आहेत, त्यांना सांगायला गेलो की काका मोठा शोध लागला, तर ते मान वरसुद्धा न करता म्हणाले, "सगळ्यांचेच खाली-वर असतात भाऊ. आम्ही कोणाला सांगत नाही, नुसतं कापून देतो."

मग पाचवा शर्ट. उजव्या खांद्याच्या टोकाला तीन सूत कमी केले, मानेकडे शून्य, म्हणजे पाचर काढली असं समजा. चुणी गेली! पण हात वर केला की बगलेत काचायला लागलं. स्कूटीचं हँडल धरलं की पूर्ण शर्ट वर यायचा. दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं की खांद्यावरून तीन सूत कापले म्हणजे मुंढा (बाही जोडायची गोल जागा) तेवढा लहान झाला, बाही मात्र जुन्याच मापाची, मी ती ओढूनताणून बसवली होती. खांदा जेवढा खाली, मुंढ्याची खालची गोलाईपण तेवढीच खाली न्यायची, म्हणजे घेर तोच राहतो. सोपं आहे, पण कोणी सांगितलं नव्हतं. मुंढा खाली केला की बगलेखालची बाजूची शिलाई तेवढी आखूड होते, म्हणून तळाशी घेर एकदा सारखा करून घ्या. हे सगळं मी आता मांजरपाटावर (साध्या कोऱ्या सुती कापडावर) करून पाहतो आणि मगच खऱ्या कापडाला कात्री लावतो. गांधीबागेतून मांजरपाट पाच मीटर आणून ठेवलं आहे, धुवून, कारण कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि मग ट्रायलचा काहीच उपयोग राहत नाही. हे कसं कळलं ते विचारू नका, तो शर्ट लादी पुसून राहिला आहे.

आता मजा अशी की दोन खांदे वेगळे म्हटल्यावर पाठीवरचा योक (खांद्यांवरून पाठीवर येणारी वरची पट्टी) एका तुकड्यात, मधोमध घडी घालून कापता येत नाही. डावा वेगळा, उजवा वेगळा कापायचा आणि मध्ये जोड द्यायचा. जुने शर्टवाले टेलर असा दोन तुकड्यांचा योक मापासाठीच करतात. पण तो जोड माझ्याकडून काही सरळ येईना. बरोबर मानेखाली, पाठीच्या मधोमध, मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसेल असा. मग वाटलं, दिसणारच आहे तर नीट दिसू दे. तिथे काठ लावला तर?

काठासाठी आजीकडे गेलो. आजीच्या पेटीत नागपुरी पातळांची चळत आहे. सुती, बारीक, धुवून धुवून एवढी मऊ झालेली की हातात घेतली तर वजनच कळत नाही. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, कताई खात्यात. १८७७ मध्ये टाटांनी काढलेली ती मिल, आता तिच्या जागेवर मॉल उभा आहे. आमच्या घरात कापडाबद्दल बोलणं म्हणजे बाकीच्या घरात जमिनीबद्दल असते तशी गोष्ट. धागा किती बारीक, पीळ कसा, हे आजी अजूनही बोटांत चोळून सांगते.

चळतीतलं सर्वांत खालचं पांढरं लुगडं मी उचललं आणि आजीने माझ्या हातावर चापट मारली. "ते नोको बापू. ते आईचं दीक्षेचं आहे." म्हणजे माझ्या पणजीचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला, आज जिथे दीक्षाभूमी आहे त्या मैदानावर ती ते नेसून गेली होती. बाबासाहेबसुद्धा त्या दिवशी पांढऱ्यात होते, नाहीतर आपल्या डोळ्यासमोर ते सुटातच येतात. आजीचं ठरलेलं वाक्य आहे की आपल्या माणसाने मळकं, चुरगळलेलं घालून बाहेर पडायचं नाही. तिच्या आईच्याही आधीच्या बाया लुगडं गुडघ्याशी नेसायच्या, कारण त्यांच्या जातीला तेवढंच चालू द्यायचे. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की नेसण्यावरून तुमची जात ओळखू येईल असं नेसू नका, आणि बायांनी नेसणं बदललं. आजी हे अशा सुरात सांगते जणू काल शेजारी घडलं. मी कपड्यांची "आवड" म्हणतो ते तिला कळत नाही. तिच्यासाठी ती आवड कधीच नव्हती.

पांढरं परत घडी करून ठेवलं. तिने दुसरं काढून दिलं, क्रीम रंगाचं, मरून काठाचं. "हे घे. हे मला तसंही आवडत नव्हतं, तुझ्या आजोबांनी आणलं होतं."

जुन्या पातळातून शर्ट काढणार असाल तर आधी पूर्ण पातळ उजेडात धरा. निऱ्यांचा भाग आणि बसायची जागा विरलेली असते, बाकी ठीक दिसते. मग दोन्ही अंगठ्यांनी धरून ताणायचं, उभं आणि आडवं दोन्हीकडे, टर्र आवाज आला की तेवढा भाग सोडायचा. माझ्या पातळाचा मधला दीड मीटर असा गेला. पदराकडचा भाग सर्वांत चांगला निघाला, आणि खोचायचा कोपरापण. तुकडे जोडून पाठ, दोन पुढे, बाह्या सगळं बसलं, फक्त कॉलरचा आतला भाग मांजरपाटाचा लावला.

शिवताना ११ नंबरची सुई घ्या, १४ ने भोकं दिसतात. सगळीकडे फ्रेंच सीम (कापलेली कड आत लपवणारी दुहेरी शिलाई) मारली कारण कापड एवढं पातळ की आतले धागे बाहेरून दिसतात. आधी सरळ बाजूने एक शिलाई, मार्जिन दोन सूत ठेवून कापायचं, उलटून परत शिलाई. वेळ दुप्पट. मुंढ्याच्या गोलाईत तर अंत पाहते, तिथे मी दोनदा उसवलं आणि एकदा मशीनला शिव्या घातल्या (आईची जुनी पायाची मशीन आहे, ती ऐकून घेते).

काठाने मात्र दगा दिला. काठाची वीण घट्ट, अंगाचं कापड सैल, त्यामुळे धुतल्यावर दोघं वेगवेगळं वागतात. योकचा जोड झाकायला मी काठाची पट्टी वर शिवली, धुतली आणि पाठीवर चक्क सुरकुत्यांची गाडी लागली. शिवाय मरून रंग सुटला, योकवर गुलाबी ढग. मिठाच्या पाण्यात भिजवून पाहिलं, काही फरक नाही. शेवटी पट्टी काढली, काठ वेगळा तीनदा धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत, ओला असतानाच इस्त्री केली आणि मग परत लावला. गुलाबी ढग थोडा राहिला आहे. राहू दे.

डिझाईनमध्ये बाकी जे आहे ते सगळं उन्हाने ठरवलं. पारा ४५ च्या वर चढला की नागपुरात हाफ बाह्यांचा शर्ट घालणं म्हणजे हात भाजून घेणं आहे, म्हणून फुल बाही, पण सैल. छातीत अंगाच्या मापापेक्षा चार इंचांऐवजी सहा इंच जास्त जागा ठेवली, हवा खेळते. कॉलर मागून नेहमीपेक्षा अर्धा इंच उंच, मानेवर ऊन लागू नये म्हणून, समोर येता येता नेहमीएवढी. हे मी कुठे पाहिलं नव्हतं, बर्डीवर दुपारी दोन वाजता सिग्नलला उभं राहून सुचलं. काज-बटणं इतवारीतून करून आणली, हाताने काज करणं माझ्या आवाक्यातलं नाही आणि मला ते शिकायचंही नाही.

सोमवारी ऑफिसला घालून गेलो. एकाने विचारलं, "काऊन बे, शेरवानी घालून राहिला का?" दुसऱ्याने कुठून घेतला म्हणून विचारलं आणि मी दोन मिनिटं मुंढ्याबद्दल बोललो, तो फोन आल्यासारखं करून निघून गेला. दिवसभर कॉलर जागेवर होती. एकदाही ओढली नाही. ही ओढायची सवय मला आहे हेच तोपर्यंत माहीत नव्हतं. संध्याकाळी तर्री-पोहे खाल्ले आणि खिशावर तर्री सांडली, तो डाग आता मरून काठाच्या नात्यातलाच दिसतो.

घरी आल्यावर आजीने शर्ट काढायला लावला. उलटा केला, चष्मा लावून एकेक शिलाई बोटाने पाहत गेली. बगलेत थांबली. तिथे माझे टाके थोडे वाकडे आहेत. काही म्हणाली नाही. आत गेली आणि पेटीतून निळं पातळ घेऊन आली.

"याचं मला झंपर शिव."

तर आता आठवा प्रोजेक्ट झंपर, म्हणजे ब्लाउज. मी आजपर्यंत एक टक्सही (फिटिंगसाठी कापड दुमडून मारलेली शिलाई) मारलेला नाही आणि आजीचा पण एक खांदा खाली आहे, डावा. पुढून बटणाचं, कोपरापर्यंत बाही, साधी टक्सची पद्धत कोणाला येत असेल तर मांजरपाटावरचा फोटो टाका ना.